स्टॉप-लॉस आणि खरा आकडा

रात्री दोन वाजता, पांघरुणाखाली फोनचा उजेड दडवत तुम्ही कधी बिटकॉइनचा भाव बघितलाय? बघितला असेल तर पुढचं ओळखीचं वाटेल. टोरांटोचा शेअर बाजार दुपारी चारला बंद होतो, मग माणूस जेवतो, झोपतो. क्रिप्टोला रात्र नाही, रविवार नाही, दिवाळीही नाही. दुकान कधी बंद करायचं ते आपणच ठरवायचं.

माझं खातं ६०० डॉलरचं. नियम मीच केलेला: एका सौद्यात २ टक्क्यांहून, म्हणजे १२ डॉलरहून जास्त गमवायचे नाहीत. ५८८ वर स्टॉप-लॉस लावायचा, तिथे नाणं आपोआप विकलं जाईल. गेल्या जानेवारीत एका फुटकळ नाण्याचा भाव त्या रेषेजवळ आला आणि मी रेषाच खाली सरकवली. तीनदा. दरवेळी कारण वेगळं, आणि तेव्हा अगदी शहाणपणाचं वाटणारं. शेवटी ३९० उरले. गेलेले २१० परत मिळवायला आता ५४ टक्के नफा हवा होता. हे गणित मला आधीही येत होतं. येऊन काय उपयोग?

क्रिप्टोचं नाव काढलं की सांगलीहून बाबा फोनवर म्हणतात, ‘‘हा आकडाच की रे.’’ मी हसण्यावारी नेतो, पण मुंबईचा मटका सुरुवातीला न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवरच चालायचा, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

आपल्याकडे अशा वेळी गीतेचा दुसरा अध्याय पुढे केला जातो: ट्रेडरने स्थितप्रज्ञ व्हावं. मला हे पटत नाही. स्थितप्रज्ञ फळावरची नजर काढतो. आम्ही मन शांत ठेवतो ते फळ हातचं जाऊ नये म्हणून. खिसेकापूसुद्धा हात थरथरू देत नाही, त्याला आपण संयमी म्हणत नाही. मग हा संयम कुठल्या जातीचा?

याचं उत्तर मला कॅनडातल्याच एका प्रकरणात थोडंफार सापडलं. क्वाड्रिगासीएक्स हे इथलं एके काळचं सर्वांत मोठं क्रिप्टो एक्स्चेंज. त्याचा संस्थापक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरला वारला. पासवर्ड त्याच्याबरोबर गेले, म्हणून पैसे अडकले, अशी बातमी आली. २०२० मध्ये ऑन्टारियो सिक्युरिटीज कमिशनच्या अहवालाने वेगळंच सांगितलं. कॉटनने खोट्या नावांची खाती उघडली, त्यांत नसलेली शिल्लक दाखवली आणि आपल्याच ग्राहकांशी सौदे केले. किमान १६ कोटी ९० लाख डॉलरच्या तुटीपैकी सुमारे साडेअकरा कोटी या सौद्यांत गेले. ग्राहक ७६ हजारांहून जास्त. २०२३ मध्ये त्यांना डॉलरमागे साधारण १३ सेंट परत मिळाले.

त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला कसं कळणार? पण त्याच्या खात्याला तळ नव्हता, एवढं दिसतं. हरला की आकडा टाइप करायचा, शिल्लक हजर. माझ्या खात्याला तळ होता. ज्याला मी माझी शिस्त समजत होतो, ती बरीचशी त्या ६०० डॉलरच्या कुंपणाची होती.

आणि ते कुंपण मी कसं ओलांडलं? लाइन ऑफ क्रेडिटमधून ५०० डॉलर काढले. फोनवर चार वेळा बोट लावलं, झालं. ‘फक्त गेलेले परत आणायला.’ आठवड्याभरात ८९० चे ३२० झाले. कॉटन दुसऱ्यांच्या पैशांनी खेळला, मी स्वतःच्या, असं तुम्ही म्हणाल. त्या लाइन ऑफ क्रेडिटवर दोघांची नावं आहेत.

बायकोने विचारलं, ‘‘किती गेले?’’ मी म्हटलं, ‘‘दोनशे दहा.’’ तेव्हा मात्र माझा आवाज अजिबात हलला नाही. भावनांवरचा इतका ताबा मला एकाही सौद्यात जमला नव्हता.

हा लेख लिहायला बसण्याआधी तिला खरा आकडा सांगितला: ७८०. ती म्हणाली, ‘‘पैशांचं राहू दे. चार महिने मी विचारत होते, झोप का लागत नाही तुला.’’

खातं मी बंद केलेलं नाही. ३२० अजून आहेत, २ टक्क्यांचा नियमही. लाइन ऑफ क्रेडिट तिने बँकेत फोन करून बंद करायला लावली आहे, आणि दर रविवारी पोहे खाताना शिल्लक मोठ्याने सांगायची असं ठरलंय. गेल्या रविवारी ३११ होती. सांगताना घसा कोरडा पडला.