गोळा की एकजीव?



'गोळा होणे' आणि 'एकजीव होणे' यांत फरक आहे. औंढा नागनाथच्या शिवारातला गहू पोत्यात गोळा होतो. पण दाणा दाण्याला लागून असूनही वेगळाच राहतो. दळून, पाणी घालून मळल्यावरच कणीक एकजीव होते.

करिंथची मंडळी प्रभुभोजनाला गोळा होत असे. तरी काही जण भरपेट जेवत आणि गरीब उपाशी राहत. म्हणून इ.स. ५५च्या सुमारास संत पौलाने त्यांना पत्रातून खडसावले (१ करिंथ ११:१७-३४).

आपणही रविवारी मिस्साला गोळा होतो. पण शेजारच्या बाकावरच्या भावाशी अबोला असेल, ऊसतोडीला गेलेल्यांच्या म्हाताऱ्या आईबापांची आपण विचारपूस करत नसू, तर आपण अजून पोत्यातलेच दाणे आहोत. या आठवड्यात अशा एका तरी घरी जाऊ या. एकाच भाकरीचे वाटेकरी आपण, एकजीव होऊ या.

आमेन.