समाजमाध्यमांवरील प्रतिमा आणि व्यावसायिक पत

समाजमाध्यमांवरची व्यावसायिक प्रतिमा म्हणजे एखाद्याच्या कामाविषयी आणि सचोटीविषयी अनोळखी लोकांनी त्याच्या खात्यावरून बांधलेला अंदाज. माणसानेही स्वतःचा ब्रँड घडवावा, हा विचार अमेरिकी व्यवस्थापनतज्ज्ञ टॉम पीटर्स यांनी १९९७ मधील एका लेखातून मांडला आणि तो रूढ झाला. २००३ मध्ये लिंक्डइन सुरू झाले, पाठोपाठ फेसबुक आणि इन्स्टाग्राम आले आणि हा ब्रँड घडवण्याचे साधन सर्वांच्या हाती पडले. मात्र साबणाचे गुण कंपनी स्वतः गाते तसे माणसाचे चालत नाही. त्याची पत इतरांनी मानावी लागते.

म्हणूनच विशेषणांपेक्षा कामाचा पुरावा मोलाचा ठरतो. ‘ध्येयवेडा’, ‘कुशल’, ‘अनुभवी’ असे परिचयात कोणीही लिहू शकतो. याउलट एखादा स्थापत्य अभियंता नव्या स्लॅबवर आळी करून साठवलेल्या पाण्याचा फोटो टाकतो आणि खाली सोप्या मराठीत सांगतो, की साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओलावा मिळाला पाहिजे, नाहीतर ताकद कमी भरते आणि तडे जातात. घर बांधायला निघालेल्या माणसाचा एवढ्या मजकुरानेही त्या अभियंत्यावर विश्वास बसू लागतो. महिन्यातून असा एखादाच मजकूर आला, तरी रोजच्या सुविचारांहून त्याचे वजन अधिक असते.

दुसरा प्रश्न श्रोत्यांचा. कार्यालय, नातेवाईक आणि मित्रमंडळी यांच्यासमोर माणूस वेगवेगळ्या भूमिकांत वावरतो, हे समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५० च्या दशकातच दाखवून दिले होते. समाजमाध्यमांवर हे सगळे एकाच वेळी समोर असतात. मित्रांसाठी केलेली थट्टा ग्राहकाच्या किंवा वरिष्ठांच्या नजरेस पडते. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवण्यास सांगितले, त्यामागेही ही सरमिसळ टाळण्याचाच हेतू दिसतो. पण खाती दोन असली तरी नाव आणि चेहरा एकच राहतो. त्यामुळे दोन्हीकडची भाषा सभ्यच हवी.

काही व्यवसायांत मर्यादा नियमांनीच आखल्या आहेत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करता येत नाही. २००८ पासून संकेतस्थळावर नाव, पत्ता, पात्रता आणि कामाचे क्षेत्र एवढी ठरावीक माहिती देण्याची मुभा आहे. डॉक्टरांनी जाहिरातीने रुग्ण ओढण्यास २००२ च्या आचारनियमांनी मनाई केली. पैसे घेऊन केलेल्या शिफारशीवर ती जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहावे, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये सांगितले. या सर्व नियमांचा गाभा एकच आहे: गरजवंताच्या अज्ञानाचा फायदा उठवून नाव कमावू नये.

प्रतिमा सांभाळण्यात जुन्या मजकुराची देखभालही येते. हुद्दा बदलला की परिचय बदलावा, चुकीची माहिती दिली गेली असेल तर उघडपणे दुरुस्त करावी. मजकूर पुसता येतो, पण त्याचे स्क्रीनशॉट इतरांकडे उरतात. त्यामुळे गुपचूप पुसण्यापेक्षा चूक मान्य करणे अधिक हिताचे ठरते. खात्यावर दिसणारा माणूस आणि प्रत्यक्ष काम करणारा माणूस यांत अंतर नसेल, तर प्रतिमेसाठी वेगळा खटाटोप फारसा करावा लागत नाही.