फुंक कमी झाली म्हणून?

आम्ही पाच जण आहोत. सॅक्सोफोन, कीबोर्ड, बेस गिटार, ड्रम आणि ट्रम्पेट. दर गुरुवारी रात्री जेवणे आटोपली की आमच्यापैकी एकाच्या पडवीत जमतो आणि जाझ वाजवतो. कोणी नोकरदार, कोणी बागायतदार. वाजवण्यावर कोणाचे पोट नाही. तरी महिन्याकाठी एखादी सुपारी मिळते. कधी लग्नाचे रिसेप्शन, कधी कोणाची साठी, नाताळात एखादा डान्स. सुपारी लहान असली तरी सराव मात्र नेमाने करतो.

हे संगीत अमेरिकेतले, पण आपल्याला अगदीच परके नाही. 1935 च्या सुमारास लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय वादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. त्यानंतर मुंबईच्या हॉटेलांतून जाझ वाजवणाऱ्यांत गोव्याचे ख्रिस्ती वादक पुष्कळ होते. चर्चच्या शाळेत लहानपणीच नोटेशन वाचायला शिकल्यामुळे त्यांना ते जमले. ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ त्यांच्यापैकीच. आमचे ट्रम्पेट वाजवणारे अंकल अशाच एका जुन्या गोवेकर वादकापाशी शिकले आणि आमच्यातल्या दोघांना त्यांनी शिकवले.

अंकल आता अडुसष्ट वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी त्यांचे पुढचे दात काढावे लागले. ट्रम्पेटचा सूर मुळात ओठांच्या थरथरीतून निघतो. माऊथपीस ओठांवर टेकते आणि त्या ओठांना मागून आधार दातांचा असतो. तो आधार गेला की आधी वरचे सूर जातात, मग आवाजातली ताकद. कवळी बसवली तरी ओठांना सगळे नव्याने शिकावे लागते आणि त्या वयात ते सोपे नसते.

अशात एका लग्नाच्या रौप्यमहोत्सवाची सुपारी आली. घरच्यांची एकच मागणी होती : ट्रम्पेट जोरात हवा. सरावात दुसऱ्याच धुनेला अंकलचा वरचा सूर फाटला. पुढच्या गुरुवारीही तसेच झाले. आम्ही सगळ्यांनी ते ऐकले आणि सगळेच गप्प राहिलो. ही आमची पहिली चूक. दुसरी याहून मोठी. आम्ही शेजारच्या गावातल्या एका तरुण वादकाला परस्पर फोन केला आणि अंकलना सांगितले, ‘‘या वेळी कार्यक्रम छोटा आहे, ट्रम्पेट नकोय त्यांना.’’

पण खोटे फार दिवस टिकले नाही. त्या मुलाला यातले काहीच ठाऊक नव्हते. तो नोटेशन मागायला सरळ अंकलच्याच घरी गेला. अंकलनी त्याला चहा पाजला, नोटेशन दिले, दोन अवघड जागा वाजवून दाखवल्या. गुरुवारी ते नेहमीसारखे पडवीत येऊन बसले आणि म्हणाले, ‘‘माझा सूर गेलाय हे मला तुमच्या आधी कळलंय रे. तुम्ही ते मला सांगितलं नाही, याचं वाईट वाटलं. म्हणजे मला न विचारताच तुम्ही मला बाहेर काढलंत.’’

आमच्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनात आहे. ज्याची फुंक कमी झाली, त्याचे आपण काय देणे लागतो?

एक बाजू अशी की, ज्यांनी पैसे मोजून बोलावले त्यांचेही आपण देणे लागतोच. त्यांच्या घरचा हा दिवस पुन्हा येणार नाही. आपल्या माणसाचे मन राखायला दुसऱ्याच्या समारंभात बेसूर वाजवणे, याला दया म्हणता येत नाही. ती दुसऱ्याच्या खिशातून केलेली दया ठरते. दुसरी बाजू अशी की, माणूस म्हणजे पंखा नव्हे, बिघडला की बदलायला. ज्याने आम्हाला वाजवायला शिकवले, त्याला वरचा सूर लागेना म्हणून घरी बसवायचे, तर मग आमचे पाच जणांचे एकत्र येणे कशासाठी?

जाझच्या इतिहासात या प्रश्नाच्या दोन आठवणी आहेत. दोन्ही गोष्टी दातांच्याच.

जो ‘किंग’ ऑलिव्हर हा न्यू ऑर्लिन्सचा नामवंत कॉर्नेटवादक. 1922 मध्ये त्याने तरुण लुई आर्मस्ट्राँगला शिकागोला आपल्या बँडमध्ये बोलावून घेतले. पुढे शिष्य जगभर गाजला आणि गुरूच्या हिरड्या व दात गेले. वादन सुटले. 1937 मध्ये आर्मस्ट्राँगला तो सव्हाना शहरात भाजी विकताना भेटला. आर्मस्ट्राँगने खिशातले पैसे त्याच्या हातात ठेवले. दुसऱ्या वर्षी ऑलिव्हर वारला.

दुसरा बंक जॉन्सन. हाही ट्रम्पेटवादक, याचेही दात गेलेले, लुइझियानातल्या एका लहान गावी मोलमजुरी करीत होता. 1930 नंतरच्या दशकात जाझचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्याला शोधून काढले. त्याला काय हवे होते? दात आणि ट्रम्पेट. लोकांनी वर्गणी काढली. सिडनी बेशे या प्रसिद्ध वादकाचा भाऊ लिओनार्ड दंतवैद्य होता, त्याने कवळी करून दिली आणि 1942 मध्ये बंकचे वादन ध्वनिमुद्रित झाले. पुढे सगळे गोड झाले असे नाही. सोबत्यांशी त्याचे वारंवार खटके उडाले. पण तो पुन्हा वादकांमध्ये बसला.

आर्मस्ट्राँगने दिलेले पैसे मनापासून दिले होते. त्यांना आम्ही कमी लेखत नाही. पण पैशाने भूक भागते, गेलेली जागा परत मिळत नाही. बंकच्या बाबतीत कोणीतरी त्याच्याकडे जाऊन विचारले, ‘तुला वाजवायला काय लागेल?’ आम्ही अंकलना हेच विचारले नव्हते.

त्या गुरुवारी ते विचारले. अंकल म्हणाले, ‘‘धून खालच्या पट्टीत घ्या. पुढे सॅक्सोफोन राहू दे. मी म्यूट लावून मधल्या जागा भरतो. दोनच गाणी. बाकीची त्या पोराला वाजवू द्या.’’ जाझमध्ये याला वाव असतो. आधी सगळे मिळून धून वाजवतात, मग एकेक जण आपली पाळी घेतो आणि इतर त्याला खालून आधार देतात. पाळी संपली म्हणून कोणी उठून जात नाही. आधार देणाऱ्याचे कान उघडे नसतील, तर पुढचा कितीही चांगला वाजवो, गाणे बसत नाही. चाळीस वर्षे ऐकलेले कान अंकलपाशी आहेत, त्यांना दात लागत नाहीत.

मग आम्ही समारंभाच्या घरी गेलो आणि खरे ते सांगितले. घरमालकांना ते फारसे रुचले नाही. सुपारीतले हजार रुपये त्यांनी कमी केले. त्यांचे चुकले असे आम्हाला वाटत नाही. आम्ही कबूल केलेले काहीतरी बदलत होतो, त्याची किंमत आम्हीच द्यायला हवी होती.

कार्यक्रम झाला. अंकलनी दोन गाणी वाजवली. एका ठिकाणी सूर घसरला. शेजारी बसलेल्या त्या तरुण मुलाने पुढच्या जागेला हळूच आधार दिला. पाहुण्यांपैकी कोणाच्या ते लक्षातही आले नसेल. ते जेवत होते, मुले नाचत होती.

अंकल पुढे वाजवतील की नाही, ते नाताळपर्यंत स्वतः ठरवणार आहेत. कदाचित थांबतील. त्यांनी आमच्याकडून एकच वचन घेतले आहे : सूर फाटला की त्यांना तोंडावर सांगायचे, आणि सर्वांत आधी त्यांनाच. हे वचन पाळणे सोपे नाही. गेल्या गुरुवारी पुन्हा सूर फाटला, तेव्हा आम्ही सगळे एकमेकांकडे पाहत राहिलो. शेवटी ड्रमवाल्याने सांगितले. अंकलनी मान हलवली आणि म्हणाले, ‘‘पुन्हा घ्या.’’

आपल्या गायनवृंदात, आपल्या मंडळात, कदाचित आपल्या स्वयंपाकघरातही असे एखादे माणूस असेल. त्याच्याविषयी आपण आपसांत कुजबुजतो. त्याच्यापाशी बसून कधी बोललो आहोत का?