अंगणातील बोअर आणि दारातील मोटार

आपल्या मंडळाच्या सभासद कुटुंबांपैकी बहुतेकांच्या दारी आज एखादे तरी वाहन उभे असते आणि ज्यांची स्वतःची घरे आहेत त्यांतील पुष्कळांच्या अंगणात बोअरही आहे. सकाळी मोटारीवर पाण्याची धार धरली असता कोणी हटकलेच, तर ठरलेले उत्तर मिळते, "हे नर्मदेचे पाणी नव्हे, आमच्या बोअरचे आहे." या उत्तरात लबाडी आहे असे आम्हांस मुळीच वाटत नाही. १९७८ पासून जालूदहून सुमारे सत्तर किलोमीटर वाहून, विंध्याचा चढ चढवून इंदुरात आणलेले नर्मदेचे पाणी चाकांवर ओतू नये, हे त्या गृहस्थास मनापासून पटलेले असते. सार्वजनिक पाणी जपावे आणि आपले स्वतःचे असेल ते खर्चावे, असा त्याचा विवेक असतो. विवेक चांगलाच आहे. प्रश्न इतकाच उरतो की, भुईखालचे पाणी "आपले स्वतःचे" हे कोणत्या अर्थाने म्हणावयाचे?

कायदा या गृहस्थाच्या बाजूस आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. इंग्रजी अमदानीतील १८८२ च्या इझमेंट ॲक्टात असे सांगितले आहे की, जे पाणी ठरीव प्रवाहाने वाहत नाही असे आपल्या जमिनीखालचे पाणी जमिनीच्या मालकाने आपल्या हद्दीत गोळा करावे व त्याची वाटेल तशी व्यवस्था लावावी. या विचाराचे मूळ विलायतेत आहे. लँकेशायरमधील एका कापसाच्या गिरणीची विहीर शेजारच्या कोळशाच्या खाणीतील उपशामुळे आटली. गिरणीवाल्याने दावा लावला आणि १८४३ साली तो हरला. भुईखाली पाणी कोणत्या वाटेने जाते हे कोणासच दिसत नाही, मग त्याविषयी शेजाऱ्याशेजाऱ्यांत हक्क आणि कर्तव्ये कशी ठरवावयाची, हा न्यायाधीशांच्या युक्तिवादाचा एक मोठा आधार होता. म्हणजे ज्या मालकीचा आपण हवाला देतो, ती पुष्कळशी त्या काळच्या अज्ञानावर उभी आहे. आज ते अज्ञान तसे राहिलेले नाही.

माळव्याच्या काळ्या मातीखाली बेसाल्टचा खडक आहे. पाणी साठते ते त्याच्या कुजलेल्या वरच्या थरात, सांध्यांत आणि भेगांत. भुईखाली एखादे सरोवर आहे व त्यात आपण नळी सोडली आहे, अशी पुष्कळांची कल्पना असते, ती खरी नाही. पाण्याने भरलेल्या अशा खडकाच्या शंभर भागांतून उपशास मिळणारे पाणी सामान्यतः एक ते तीन भागच असते. आता एक हजार चौरस फुटांचा एक प्लॉट घेऊन हिशोब मांडू. आपल्याकडे वर्षाकाठी साधारण छत्तीस-सदतीस इंच पाऊस पडतो. त्या प्लॉटवर पडणारे पाणी सुमारे अठ्ठ्याऐंशी हजार लिटर होईल. अशा खडकात त्याचा दहावा हिस्सा मुरला असे धरले, तर वर्षाला आठ हजार आठशे लिटर, म्हणजे दिवसाला अवघे चोवीस लिटर. सगळीकडे फरशी घातलेल्या अंगणात तेवढेही मुरणार नाही. उलट पक्षी बागेच्या साध्या पाइपातून मिनिटाला पंधरा लिटर पाणी तरी सहज जाते. पाव तास मोटार धुतली की सव्वादोनशे लिटर झाले. आपल्या जमिनीने नऊ दिवसांत जे मिळविले, ते पाव तासात गटारात गेले! आणि घरातील अंघोळी, धुणी, भांडी यांचा हिशोब अजून धरलेलाच नाही.

यातून निघणारी गोष्ट थोडी अवघड आहे. आपल्या प्लॉटखालचे "आपले" पाणी घरची पहिली अंघोळ होते न होते तोच संपते. पुढची प्रत्येक बादली शेजारच्या भुईखालून, त्याच्याही पलीकडच्या भुईखालून आलेली असते. ज्याची बोअर सहाशे फूट, त्याच्या दारी ते पाणी येते, आणि ज्याची जुनी विहीर चाळीस फुटांची, तो वैशाखात कोरड्या तळाकडे पाहत बसतो. त्याने तक्रार कोणाकडे करावी? चोरी कोणीच केलेली नाही.

आपल्या धर्मशास्त्रात पाण्याच्या मालकीचा विचार याहून सूक्ष्म आहे. विहीर किंवा तळे बांधणे हे पूर्तधर्मात मोडते. बांधून झाल्यावर त्याचा उत्सर्ग करण्याचा विधी सांगितला आहे. तो झाला म्हणजे पाणी सर्व प्राण्यांचे झाले, आणि बांधणाराही मग इतरांतला एक म्हणूनच ते वापरी. खाजगी विहिरीही असत, त्यांचा उत्सर्ग होत नसे, हेही खरे. परंतु त्या विहिरीवर पोहऱ्याचा आणि मनगटाचा धाक होता. चाळीस फुटांवरून शेंदलेली घागर कोणी घोड्याच्या पाठीवर उगाच उपडी केली नसती. विजेच्या बटनाने तो धाक काढून टाकला आणि त्याच्या जागी दुसरे काहीच ठेवले नाही.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात एक लहानसा नियम आहे. परक्याच्या पाण्यात स्नान करावयाचे असेल, तर आधी तळातील मातीचे पाच गोळे काढून बाहेर टाकावेत. त्यामागील पापपुण्याची उपपत्ती शास्त्रकारांनी दिली आहे. आम्हांस मात्र त्यातील व्यवहार फार मोलाचा वाटतो. जो येईल तो पाच गोळे काढील, तर तळे गाळाने भरणार नाही. नियमाचा दुसरा अर्ध मात्र सहसा कोणी ध्यानात घेत नाही. पाच गोळे काढले म्हणून ते तळे स्नान करणाऱ्याचे होत नाही. ते परक्याचेच राहते.

हे सांगण्याचे कारण असे की, अलीकडे गच्चीचे पावसाचे पाणी बोअरपाशी जिरविणारी मंडळी वाढत आहेत, आणि ती स्तुत्य गोष्ट आहे. हजार चौरस फुटांच्या गच्चीवरून सत्तर हजार लिटर तरी जमिनीत सोडता येते. परंतु त्यांतील एखाद्याने "मी सत्तर हजार घातले, आता तितके काढीन" असे म्हटले, तर तो जमाखर्च बरोबर नाही. खडकातील जागा थोडी असल्यामुळे श्रावणभाद्रपदात ती भरून जाते व पुष्कळसे पाणी हळूहळू नाल्यांकडे निघून जाते. आषाढात ठेवलेली ठेव वैशाखात जशीच्या तशी मिळत नाही.

एक आक्षेप वजनदार आहे. देशात उपसल्या जाणाऱ्या भूजलापैकी सुमारे सत्याऐंशी टक्के शेतीस लागते. मग मोटारवाल्याच्या बादलीवर एवढा रोख का? उत्तर असे की, कठीण खडकातील पाणी फार दूरवर सरकत नाही. सांवेरकडच्या गव्हाने आपल्या गल्लीतील विहीर आटत नाही. ती गल्लीतील बोअरांनीच आटते. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूर शहरात हजारो बोअर कोरड्या पडल्या आणि पिण्याचे पाणी मोटार धुण्यास वापरणाऱ्यास पाच हजार रुपये दंड ठरविण्यात आला. आपल्या प्रांतातही १९८६ च्या पेयजल परिरक्षण अधिनियमाखाली जिल्हाधिकारी उन्हाळ्यात नव्या बोअर खोदण्यास मनाई करतात. ज्याची बोअर आधीच खोदलेली आहे त्याने ती कशासाठी चालवावी, हे मात्र बहुधा त्याच्याच बुद्धीवर सोपविलेले असते.

मोटार धुऊच नये असे आमचे म्हणणे नाही. पोळ्याला बैल धुतात, खंडेनवमीला शस्त्रे आणि अवजारे पुसून पूजेस मांडतात. ज्याच्यावर आपला चरितार्थ चालतो त्याची निगा राखणे हा आपला जुना संस्कार आहे. नवी गाडी देवळापुढे उभी करून नारळ वाढविणाऱ्यास आम्ही कधी हसलो नाही. परंतु निगेस दोन बादल्या आणि एक ओले फडके पुरते. रोज धुण्याची तर गरजच नसते, धूळ कोरड्या कपड्यानेही झटकता येते. (बोअरचे जड पाणी उन्हात वाळले की काचेवर आणि रंगावर पांढरे डाग उठतात, हे धुणाऱ्यांस ठाऊक आहेच.) जेथे महिन्याच्या पगारावर एखादा मुलगा पहाटे गाड्या धुतो, तेथे दोष त्याच्यावर ढकलू नये. पाच-सहा गाड्या घाईने उरकावयाच्या असल्यामुळे तो पाइप चालूच ठेवतो. बादली त्याच्या हाती मालकाने द्यावयाची असते, आणि त्यामुळे वेळ अधिक लागला तर पगारही थोडा वाढवावयाचा असतो.

देवळाचे आवार धुण्याससुद्धा हाच न्याय लागू आहे, हे कोणी विचारण्याआधीच सांगून ठेवतो. अभिषेकाची धार तांब्याभर पाण्याची असते. उत्सवाच्या आदल्या दिवशी फरशीवर सोडतात ती तशी नसते.

आता या विचाराची एक बाजू राहते, आणि ती आम्हांस स्वतःलाही पुरती सुटलेली नाही. बोअरचे पाणी जर खरोखरच शेजाऱ्यापाजाऱ्यांचे मिळून असेल, तर नुसते कमी वापरून भागेल काय? उन्हाळ्यात ज्या गल्लीत टँकरची वाट पाहत हंडे रांगेत उभे राहतात, तिच्या तोंडाशीच एखादी भरपूर पाण्याची बोअर असते. काही घरांनी आपल्या कुंपणाच्या भिंतीतून एक नळ रस्त्याच्या बाजूस काढून दिला आहे. सकाळी तासभर तो चालू असतो. विजेचे बिल घरमालक भरतो आणि रांगेची व्यवस्था बायका आपसांत लावतात. त्यातून गर्दी होते, कधी भांडणे होतात आणि बोअर लवकर आटेल ही भीतीही खोटी नसते. असा नळ काढून देणे हे कर्तव्य मानावे की औदार्य, याविषयी सभासदांनी आपली मते पत्रिकेकडे लिहून पाठवावीत. ज्यांच्या भिंतीत असा नळ आहे, त्यांनी तर अवश्य लिहावे.