समासातलं

सोसायटीच्या वार्षिक सभेत मागच्या वर्षीचं इतिवृत्त वाचून दाखवायची पद्धत आहे. ते सगळ्यांना आधीच मिळालेलं असतं, कुणीही वाचलेलं नसतं, आणि सेक्रेटरी ते अक्षर न् अक्षर वाचतात. गेल्या रविवारी ते पाण्याच्या टाकीच्या गळतीपर्यंत पोचले, तोवर माझ्या हातातल्या विषयपत्रिकेवरच्या सगळ्या ‘व’ची आणि ‘ब’ची पोटं निळ्या शाईनं भरून झाली होती. मग शिरोरेषेकडे लक्ष गेलं. ‘सर्वसाधारण’ हा शब्द नीट बघा. कपडे वाळत घालायची दोरीच ती. तिच्यावर एक कावळा येऊन बसला. मी काढला म्हणायला हवं, पण ठरवून काढला असं काही आठवत नाही.

शाळेत बाई सांगायच्या, समास सोडून लिहा. तो समास त्यांच्या लाल शाईसाठी राखीव असे. वहीचं शेवटचं पान मात्र कुणीच तपासत नसे. २चं बदक व्हायचं ते तिथं, फुली-गोळा तिथं, आणि नव्या पेनाची शाई उतरते का ते बघायला काढलेली वेटोळीही तिथंच. बाकी कुठं असलं काही सापडलं की ‘वही चिताडून ठेवली आहे’ असा शेरा घरी यायचा. आता याला ‘डूडल’ म्हणतात आणि ते जरा ऐटीचं वाटतं. आपल्याकडचे शब्द बघा: गिरगटणं, चिताडणं, खरडणं. रेघोट्या तर आपण ‘मारतो’. या कृतीला बिनरागाचा एकही शब्द आपण ठेवलेला नाही.

विज्ञानानं थोडी बाजू घेतली आहे. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांनी ४० जणांना एका पार्टीबद्दलचा अडीच मिनिटांचा कंटाळवाणा निरोप ऐकवला. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार पेन्सिलीनं भरायला सांगितलं होतं. नंतर अचानक विचारल्यावर या मंडळींना इतरांपेक्षा २९ टक्के जास्त नावं-गावं आठवली. २००९ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि हाताला चाळा असलेल्यांना जगभर जरा हायसं वाटलं. हाताला काम मिळालं की मन दिवास्वप्नात फार लांब जात नाही, असा त्याचा अर्थ लावतात. ते पटतं. पण माझी एक कुरकुर आहे. छापील चौकोन कुणीतरी हातात द्यायचा आणि तो भरा म्हणायचं, याला रेघोट्या कसं म्हणायचं? तो तर गृहपाठ झाला. मोठ्यांसाठी निघालेल्या रंगवायच्या पुस्तकांचंही मला तसंच वाटतं. रेघोटी कुणी मागितलेली नसते, आणि तिची सगळी मौज त्यात आहे.

स्टॅनिस्लाव उलाम या गणितज्ञाकडेही १९६३ साली कुणी काही मागितलं नव्हतं. तो एका सभेत बसला होता आणि समोर एक लांबलचक, रटाळ निबंध वाचला जात होता. त्यानं कागदावर आडव्या-उभ्या रेघा मारून चौकडी केली. मधल्या घरात १ लिहिला, शेजारी २, मग गोल फिरत फिरत ३, ४, ५. वेळ जाईना म्हणून मूळ संख्यांभोवती गोल केले. बघतो तर ते गोल विखुरलेले नव्हते, तिरक्या रेघांत ओळीनं बसू पाहत होते. पुढं लॉस अलामॉसच्या संगणकावर हजारो संख्यांपर्यंत तो फेरा वाढवला, तरी तिरकस रेघा राहिल्याच. १९६४च्या मार्चमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या मुखपृष्ठावर ते चित्र आलं. त्या रेघा तशा का पडतात याचं पुरतं उत्तर गणिताला अजून सापडलेलं नाही. तो निबंध वाचणाऱ्यानं थोडं बरं वाचलं असतं तर?

मला यात सगळ्यांत जवळचे वाटतात ते रवींद्रनाथ. १९२४ साली पेरूला निघालेले असताना ते वाटेत आजारी पडले आणि ब्वेनोस आयरेसजवळ सान इसिद्रोला व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या पाहुणचारात राहिले. ‘पूरबी’तल्या कविता तिथं लिहिल्या जात होत्या. कविता म्हटली की खाडाखोड आली. आपण खोडलेला शब्द तसाच सोडून पुढं जातो. त्यांना ते डाग बघवत नसावेत. एका खोडलेल्या शब्दाकडून दुसऱ्याकडे ते रेघ ओढत, मध्ये शाई भरत, आणि ओळींच्या मधून एखादी चोच डोकावायची, कुठं पुराणातून निसटल्यासारखं जनावर, कुठं नुसताच चेहरा. ही सवय त्यांना त्याआधीही होती, पण व्हिक्टोरियांच्या डोळ्यांत ती वही भरली. पुढं १९३०च्या मे महिन्यात पॅरिसच्या पिगाल गॅलरीत रवींद्रनाथांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं, तेही व्हिक्टोरियांच्याच खटपटीनं. कवी तेव्हा ६९ वर्षांचे होते. आयुष्याच्या शेवटच्या दशकभरात त्यांच्या हातून दोन हजारांवर चित्रं उतरली.

या माणसाला चित्रकलेचं शिक्षण नव्हतं. घरात अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ असे दोन पुतणे नामवंत चित्रकार, त्यामुळे कोऱ्या कागदावर ब्रश टेकवायला संकोच वाटला असला तर नवल नाही. शब्दांचं तर त्याहून अवघड. १९१३च्या नोबेलनंतर त्यांच्या प्रत्येक ओळीकडे जग डोळे लावून होतं. पण खोडलेल्या शब्दाकडून कुणाची काय अपेक्षा असणार? तो कवितेतून बाद झालेला. तिथं चुकलं काय आणि साधलं काय, विचारणारं कुणी नव्हतं. त्या तेवढ्या जागेत रवींद्रनाथांना ‘रवींद्रनाथ टागोर’ असावं लागत नव्हतं. पुढची चित्रं तिथूनच आली असं मला वाटतं. कला समीक्षक याहून जड काही सांगतील.

सभेत माझ्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक काका बसले होते. त्यांच्या कागदावर जाळी होती, तिरक्या रेघांवर तिरक्या रेघा. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत दगडाच्या छोट्या तुकड्यावर गेरूनं ओढलेली अशीच जाळी मिळाली आहे, सहा रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या तीन. वय सुमारे ७३ हजार वर्षं. ती खूण होती, की पावसात अडकलेल्या कुणाचा चाळा? काकांना दाखवली असती तर त्यांनी आपलीच म्हणून ओळखली असती.

आमच्या जुन्या घरी फोनजवळ एक डायरी असे. प्रत्येक नंबराभोवती वडिलांची चौकटीवर चौकट असायची. ज्याच्याभोवती चौकटी जास्त, तो माणूस फार बोलणारा. आता फोनच हातात असतो, त्यामुळे पेन कुठं धरणार?

जाळी विणता विणता काकांनी मान वर न करता विचारलं, “या खर्चात मागच्या वर्षीची अनामत पुन्हा कशी धरली?” सेक्रेटरी थबकले, कागद चाळले गेले, बराच गोंधळ झाला. मी ऐकलं ते एवढंच. शेवटी काय मंजूर झालं हे मला शेजारणीला विचारावं लागलं, कारण तोपर्यंत दोरीवर दुसरा कावळा आला होता. जाताना सेक्रेटरींनी सही घेऊन विषयपत्रिका परत मागितल्या. दोन्ही कावळे आता सोसायटीच्या फायलीत आहेत. पुढच्या वर्षीच्या इतिवृत्तात त्यांचा उल्लेख नसेल.