शिलोहाचा बुरूज आणि किल्लारीच्या भिंती



३० सप्टेंबर जवळ आला की मला आमच्या वसतिगृहातल्या पत्र्याच्या पेट्या आठवतात. १९९३ साली मी बारा-तेरा वर्षांचा होतो. पहाटे चारच्या सुमारास खाटांखालच्या पेट्या खडखडू लागल्या आणि आम्ही सगळी मुले अंगणात पळालो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगावचे लोक गणपतीचे विसर्जन करून दमून झोपले होते. उजाडल्यावर हळूहळू कळू लागले, की किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावेच्या गावे जमीनदोस्त झाली आहेत. आठ-दहा हजार माणसे गेली, बहुतेक झोपेतच.

त्याच आठवड्यात एका वडीलधाऱ्या शिक्षकांनी सायंप्रार्थनेनंतर आम्हांला सांगितले, की त्या लोकांच्या पापाचा घडा भरला होता. माझ्या शेजारी बसलेल्या मुलाची आजी आणि मामा त्या ढिगाऱ्यात गेले होते. तो उठला आणि बाहेर गेला. त्यानंतर तो प्रार्थनेला बसत असे, पण ओठ हलवत नसे. मी त्याच्याशी काही बोललो नाही. खरे सांगायचे तर, मला त्या वेळी शिक्षकांचे म्हणणे पटलेही होते.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, शेतांतली माती खरडून गेली, जायकवाडीचे दरवाजे उघडावे लागले आणि गोदाकाठची गावे पाण्यात गेली. तेव्हा मिस्सानंतर दारात उभा असताना तेच वाक्य पुन्हा माझ्या कानावर आले : "फादर, लोकांची पापे फार वाढलीत हो." बोलणारी व्यक्ती मनाने चांगली आहे. म्हणूनच हे लिहावेसे वाटले.

संत लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघडून पाहा. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती माणसे यरुशलेममधल्या इतरांपेक्षा अधिक पापी होती असे तुम्हांला वाटते काय, असे प्रभू येशू विचारतो आणि स्वतःच ठामपणे 'नाही' म्हणतो. इतके स्पष्ट उत्तर असूनही आपण दोन हजार वर्षे तोच हिशोब मांडत आलो आहोत. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाला, लिस्बन शहर भूकंपाने हादरले. चर्चेस भरलेली होती, ती भाविकांवर कोसळली; पेटत्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या. तेव्हाही मालाग्रिदा नावाच्या येशूसंघीय धर्मगुरूने ही देवाची शिक्षाच असल्याचे लिहिले. व्हॉल्तेरने त्या दुःखावर कविता लिहून सगळे ठीक चालले आहे म्हणणाऱ्या तत्त्वज्ञांना धारेवर धरले. सेमिनरीत आम्ही हा वाद परीक्षेपुरता वाचला. पण रूसोने व्हॉल्तेरला दिलेले उत्तर माझ्या मनात राहून गेले. त्याचा मुद्दा साधा होता : सहा-सहा, सात-सात मजल्यांची हजारो घरे एकमेकांना खेटून निसर्गाने बांधली नव्हती.

आता किल्लारीकडे या. भूकंप ६.२ रिश्टरच्या आसपास होता, म्हणजे जगातल्या मोठ्या भूकंपांपुढे मध्यमच. पण घरे कशी होती? दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, दगडांमध्ये चिखल, भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या थराला बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, आणि डोक्यावर मातीचे जड धाबे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात असे घर गार राहते. जाड भिंत ही ऐपतीची खूणही होती. हादरा बसताच भिंतीचे दोन्ही थर सुटले आणि धाबे खाली आले. गावकुसाबाहेर गवताच्या झोपडीत राहणारी अनेक माणसे मात्र वाचली. पाप-पुण्याच्या हिशोबात हे कुठे बसवणार?

त्या बिचाऱ्यांना दोष देऊ नका. हाताशी दगड-माती होती, त्यातून त्यांनी घर बांधले. १९९२ मध्ये किल्लारीच्या परिसरात छोटे धक्के बसले होते, लोक घाबरलेही होते. पण त्या वेळच्या सरकारी नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. लातूरचा परिसर वरच्या पट्ट्यात गेला तो २००२ च्या नकाशात, माणसे गेल्यानंतर.

मग प्रभू पुढे पश्चात्तापाचे का बोलतो? कारण तो आपले बोट मेलेल्यांवरून काढून आपल्याकडे वळवतो. पश्चात्ताप म्हणजे मन पालटणे, आणि मन पालटले की हातही दुसरे काम करू लागतात. अनुवाद २२:८ मध्ये एक आज्ञा आहे, तिच्यावर मी आजवर एकही प्रवचन ऐकलेले नाही : नवे घर बांधशील तर गच्चीला कठडा कर, नाहीतर कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. पाहा, देवाला कठड्याचीही काळजी आहे!

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेले, सुकडी खाल्लेले आजी-आजोबा आपल्या धर्मग्रामात आहेत. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात फादर हर्मन बाखर यांनी दुष्काळी गावांत लोकांना सोबत घेऊन पाणलोटाची कामे उभी केली. उतारावर चर खणणे हेही माझ्या मते पश्चात्तापाचेच फळ आहे.

आपल्या शहराचे काय? भूकंपाच्या नकाशात आपण खालच्या पट्ट्यात आहोत. किल्लारीही होती. आपल्यातील कित्येकांनी एका मजल्याच्या पायावर दुसरा, तिसरा मजला चढवला आहे, भाडे येईल म्हणून. खालच्या खोलीत भाडेकरूची लेकरे झोपतात. काहींची घरे खाम नदीच्या आणि नाल्यांच्या अगदी कडेला आहेत; दुसरीकडे जागा परवडत नाही हे मला ठाऊक आहे. आणि दुसऱ्याचे सांगताना आपलेही सांगतो : सभागृहाच्या मागच्या भिंतीला दोन वर्षांपासून तडा आहे. तिथेच आपली मुले धर्मशिक्षणाला बसतात. मी तो तडा चुना लावून झाकून घेतला होता. ही चूक माझी आहे.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आपल्यातीलच एक निवृत्त इंजिनिअर ती भिंत तपासतील. तोपर्यंत धर्मशिक्षणाचे वर्ग आंब्याखाली भरतील. ज्यांना घरावर मजला चढवायचा आहे किंवा ज्यांच्या घराला तडे आहेत, त्यांनी त्या वेळी थांबून त्यांच्याशी बोलावे. पैसे नाहीत म्हणून कोणी संकोचू नये, आधी येऊन भेटा. आणि ३० तारखेच्या सकाळच्या मिस्सात आपण किल्लारी परिसरातील मृतांची आठवण करू. त्या दिवशी वेदीसमोर त्यांच्या पापांविषयी कोणी काही बोलणार नाही.

तुमचा ख्रिस्तातील,
धर्मगुरू