मैदान सोडणारा माणूस

दिवाळीत आमच्या गावाचा माल पुष्कळ घरांच्या अंगणात जाऊन पोचतो. गावाचे नाव मात्र फारसे कुणाच्या ध्यानात राहत नाही. सोलापूरहून बीडकडे जाताना येरमाळा ओलांडले की आमचे तेरखेडा लागते. धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्यातले हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. शोरा, गंधक, कोळशाची पूड आणि चंदेरी भुकटी यांच्या संगतीत इथली कितीतरी माणसे वर्षाचे महिने काढतात. आपल्या मुलांच्या चार घटकांच्या आनंदामागे कुणाची तरी बोटे, डोळे आणि छाती पणाला लागलेली असते, ही गोष्ट इथे राहणाऱ्या शाळामास्तराला विसरू म्हटले तरी विसरता येत नाही.

दुसऱ्याच्या आनंदासाठी माणसाने आपले शरीर कितपत पणाला लावावे, आणि लावलेले परत घेण्याचा हक्क त्याला आहे की नाही? गंमत अशी की हा प्रश्न माझ्या मनात प्रथम आला तो फटाक्यांवरून नव्हे, तर एका दूरदेशीच्या खेळाडूवरून.

अमेरिकेत फुटबॉल म्हणून जो खेळ चालतो तो आपल्या कोल्हापूरच्या पेठा ज्यासाठी वेड्या होतात तो नव्हे. त्यात लांबट चेंडू हातात धरून पळावयाचे असते आणि पळणाऱ्याला अंगावर झेप घेऊन आडवे करावयाचे असते. या खेळात ख्रिस बोरलंड नावाचा एक तरुण सान फ्रान्सिस्कोच्या संघात आला. पहिल्याच हंगामात त्याचे नाव झाले. आणि मार्च २०१५ मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्याने खेळ सोडला. हात मोडला नव्हता, पाय मोडला नव्हता. पुढे मेंदूला होऊ शकणाऱ्या इजेचा विचार करून तो उठला, आणि करारावर सही करताना मिळालेल्या रकमेचा मोठा भागही त्याने परत केला.

अशा माणसाला काय म्हणावे? आपल्याकडे दोन शब्द तयारच असतात. एक भित्रा, दुसरा कृतघ्न. दोन्ही शब्द जरा उलटून पाहू.

प्रथम भित्रेपणाचे. भीती ज्याची वाटावयाची ते संकट कसले होते, हे आधी पाहिले पाहिजे. माईक वेब्स्टर नावाचा पिट्सबर्गचा नामांकित खेळाडू २००२ साली पन्नासाव्या वर्षी वारला. शेवटची वर्षे त्याने भ्रमिष्टासारखी काढली होती. बेनेट ओमालू या मूळच्या नायजेरियातील डॉक्टरने त्याचा मेंदू तपासला आणि आपला निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षे बसलेल्या धक्क्यांनी मेंदूत टाऊ नावाचे एक प्रथिन साचत जाते. स्मरण, स्वभाव, विवेक यांना हळूहळू वाळवी लागते. यात विशेष हे की एखादा मोठा तडाखा बसून माणूस बेशुद्ध पडलाच पाहिजे असे नाही. ज्यांची वेदनाही जाणवत नाही असे लहान लहान धक्केही साठत राहतात. आणि या रोगाची पक्की खात्री आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते.

चेंडू पायाने खेळतात तो फुटबॉलही यातून सुटलेला नाही. इंग्लंडचा जेफ ॲसल डोक्याने चेंडू मारण्यात पटाईत होता. तो २००२ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या मृत्यूचे कारण धंद्यातून जडलेला रोग असे नोंदले गेले. खाणीतल्या मजुराविषयी लिहावे तसे हे खेळाडूविषयी लिहिले गेले! पुढे २०१९ साली ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या हजारो जुन्या व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. मेंदू झिजवणाऱ्या रोगांनी मृत्यू येण्याचे प्रमाण त्यांच्यात इतरांच्या सुमारे साडेतीनपट आढळले.

समोरून वार येतो तेव्हा छाती पुढे करण्याला आपण शौर्य म्हणतो. पण जो वार आज दिसत नाही, दुखत नाही आणि तीस वर्षांनी स्वतःच्या मुलांची नावे विसरावयास लावतो, त्याच्यापुढे छाती पुढे करणे याला शौर्य म्हणावे काय? शौर्याला संकटाची ओळख असावी लागते. ज्याला संकट कळलेच नाही तो शूर नव्हे, बेसावध असतो. बोरलंडने उलट संकट नीट ओळखले, आणि टाळ्या वाजत असताना तो उठला. हरणाऱ्याला मैदान सोडणे सोपे असते. जिंकणाऱ्याला सोडणे कठीण जाते.

वाचक म्हणतील, आमची परंपरा लढता लढता पडण्याची आहे. बुराडी घाटावर १७६० च्या जानेवारीत दत्ताजी शिंदे पडले. त्यांचे अखेरचे उद्गार मराठी मुलाला पाळण्यातच ऐकू येतात. खरे आहे. पण त्याच मुलाला आपण आग्र्याहून सुटकेची गोष्टही सांगतो. १६६६ साली शिवाजी महाराज कैदेतून निसटले, त्याला आपण पलायन म्हणत नाही. कारण जे राखावयाचे होते ते त्या सुटकेने राखले गेले. तेव्हा उभे राहणे किंवा निघून जाणे यांपैकी कुठलेही एक कृत्य स्वतःपुरते थोर नसते. कशासाठी, हा प्रश्न विचारावाच लागतो. स्वराज्यासाठी देह ठेवणे वेगळे आणि रविवारच्या करमणुकीसाठी बुद्धी ठेवणे वेगळे.

आता कृतघ्नतेचे पाहू. हा आरोप मला अधिक वजनदार वाटतो. आपल्याकडे पैलवान एकट्याने घडत नाही. त्याच्या खुराकात घराचे दूध असते, बापाची उसनवारी असते, गावाची वर्गणी असते. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण तिकडे जाण्यासाठी त्यांना लोकांच्या दारी पैसा जमवावा लागला होता. असा माणूस मध्येच उठला तर देणाऱ्यांचे काय?

हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही. आमच्या शाळेतून गेलेला एक मुलगा जत्रांच्या फडात नाव काढू लागला होता. एका कुस्तीत मानेला हिसका बसला, हाताला मुंग्या येऊ लागल्या. त्याचा बाप एका संध्याकाळी घरी आला.

“गुरुजी, डॉक्टर म्हणतेत मान जपा. पोरगं म्हणतंय, सोडतो. पाच वर्सं दूध-बदाम घातलंय, जनावर इकलंय. आता गावाला काय तोंड दावू?”

मी म्हणालो, “बापू, दूध घातले ते पोराला की गदेला?”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “पोरालाच. पण गदेची आस लावून.”

त्याचे हे उत्तर माझ्या प्रश्नापेक्षा प्रामाणिक होते. आपण जिवलगांवर जो खर्च करतो त्यात माया आणि आशा अशी मिसळलेली असतात की पुढे निवडू म्हटले तरी निवडता येत नाहीत. तरीही मला वाटते, ऋण असते ते प्रयत्नांचे. त्या मुलाने पाच वर्षे पहाटे चारला उठून जोर-बैठका मारल्या, तेव्हा तो ते फेडीतच होता. कुणाच्याही दुधाच्या मोबदल्यात माणसाची उरलेली पन्नास वर्षे गहाण पडत नाहीत. मुलाने कुस्ती सोडली. बापाची खंत गेली आहे असे मी म्हणणार नाही. ती खंत खरी आहे, आणि मुलाचा निर्णयही योग्य आहे. दोन्ही एका घरात नांदत आहेत.

परंतु योग्य वेळी उठावयाचे ठरवले तरी उठता येते का? इंग्लंडविरुद्ध दिल्लीला १९५१ साली १५४ धावा काढून विजय मर्चंट यांनी खांद्याच्या दुखापतीमुळे कसोटी क्रिकेट सोडले. त्यांच्यामागे घरचा मोठा व्यवसाय होता. अमेरिकेचा जॉन अर्शेल २०१७ साली सव्विसाव्या वर्षी खेळातून बाहेर पडला. त्याच्या दोनच दिवस आधी एक संशोधन प्रसिद्ध झाले होते: तिथल्या अव्वल व्यावसायिक संघांतून खेळलेल्या १११ मृत खेळाडूंच्या तपासलेल्या मेंदूंपैकी ११० मध्ये तो रोग सापडला. शंका आलेल्या कुटुंबांनीच बहुधा हे मेंदू दिले होते, म्हणून सर्वच खेळाडूंना हे प्रमाण लावता येणार नाही. तरी आकडा झोप उडवणारा आहे. अर्शेलच्या हाती मात्र गणित होते. तो विद्यापीठात गेला आणि डॉक्टर झाला. उलट नरी कॉन्ट्रॅक्टर यांना निवड करण्याची संधीच मिळाली नाही. १९६२ साली बार्बाडोसला चेंडू डोक्यावर आदळला. प्रतिपक्षाचा कप्तान फ्रँक वॉरेल याने त्यांच्यासाठी रक्त दिले. जीव वाचला, पण आपला कप्तान पुन्हा कसोटी खेळू शकला नाही.

तेव्हा मैदान सोडण्याचे धैर्य ही नुसती मनाची गोष्ट नाही. त्याला दुसरे दार लागते. ज्याच्याजवळ शिक्षण आहे, शेत आहे, दुसरा हुन्नर आहे, त्याला विवेक परवडतो. आमच्या गावात दारू भरणाऱ्या बाईलाही काम धोक्याचे आहे हे ठाऊक असते. तिच्या ज्ञानात काही उणे नाही, उणे आहे ते दुसऱ्या दारात. ती तिथे राहते याला कुणी शौर्य म्हणत नाही आणि सोडून गेली तर कुणी तिला भित्री म्हणणार नाही; तिची जागा फक्त भरली जाईल. प्रसिद्ध खेळाडूच्या निवृत्तीवर आपण चर्चा करतो, कारण त्याचा चेहरा आपल्या ओळखीचा असतो.

म्हणून मला वाटते की या प्रश्नाचा अर्धा भाग खेळाडूचा आणि अर्धा आपणा बघ्यांचा आहे. त्याने आपले शरीर ओळखावे, आणि कोठे थांबावयाचे ते स्वतः ठरवावे. आपण त्याला थांबू द्यावे. बसणाऱ्याची हुर्यो करू नये. मुलाला तालमीत पाठवावे, मैदानावर पाठवावे, अवश्य पाठवावे. खेळाविना वाढलेले मूल मला पाहवत नाही. पण त्याच्या हातून पुस्तक किंवा अवजार सुटू देऊ नये, म्हणजे उद्या उठावेसे वाटले तर त्याला उठता येईल. आणि ज्यांच्या श्रमाने आपला सण उजळतो त्यांच्यासाठी हातमोजे, उजेडाची मोकळी जागा, पुरती मजुरी आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा मागावी. हे मागणे दिवाळीच्या आनंदात विरजण घालणारे नाही.

यंदाचा फराळ गोड लागो. फटाका लावताना मुलांना हात लांब ठेवा म्हणून सांगालच. तो ज्यांच्या हातांनी घडला त्यांच्याविषयीही एक शब्द सांगा.